तेल गळतंय, अजून ओता!

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. ट्रकचं नाही आणि विहिरीवरच्या पंपाचंही नाही. मी लाँचचं इंजिन आहे. सातारा-सांगलीकडची मुलं हे ऐकून हसतात. ‘आपल्याकडं कुठला समुद्र?’ म्हणतात. समुद्र नाही, हे खरं. पण कोयनेवर धरण झालं आणि जावळीच्या डोंगरांत पाणी असं पसरलं, की ज्या गावाला काल चालत जायचं, त्या गावाला जायला आज होडी लागू लागली. करंजवाडी हे असंच पाण्यापलीकडं राहिलेलं गाव. त्या गावाच्या लाँचमध्ये माझं उभं आयुष्य गेलं.

मी तसा शांत स्वभावाचा आहे. पण ही हकिगत सांगताना माझा आवाज चढला, तर मला माफ करा. मी आजारी होतो आणि मला काय झालंय ते मी रोज सांगत होतो. माझी भाषा अवघडही नव्हती. तरी एकाही शहाण्याला ती ऐकू येईना!

माझा जन्म सांगलीजवळच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या रसातून मला साच्यात ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि ट्रकात घालून साताऱ्याला, तिथून मेढ्यावरून धरणाच्या पाण्याकाठी आणलं. पहिल्या दिवशी अख्खी करंजवाडी धक्क्यावर उतरली होती. बायकांनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. कुणीतरी नारळ फोडला तो नेमका माझ्या डोक्यावर, आणि ते पाणी माझ्या झाकणाच्या खोबणीत दोन दिवस वास मारत राहिलं. तरी मी काही बोललो नाही. त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

माझा ड्रायव्हर होता जोतीराम. उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारा. तो रोज सकाळी हँडल मारून मला जागं करायचा, मग माझ्या अंगावर तळहात ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहायचा. मी नीट धडधडतोय याची खात्री झाली, की म्हणायचा, “चल गड्या.” आम्ही माणसं नेली, शेळ्या नेल्या, रेशनची पोती नेली, नवऱ्या नेल्या. दुष्काळाच्या वर्षी पाणी खाली खाली गेलं आणि चिखलातून वाट काढावी लागली, तेव्हाही मी एक खेप चुकवली नाही. लोक म्हणायचे, “इंजिन न्हाई, बैल हाय बैल!” मला ते आवडायचं.

आता मित्रांनो, माझ्या पोटातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमच्या घरात जातं असेल. त्यात दाणे न घालता ते नुसतं फिरवलं तर काय होतं? दगड दगडाला खातो. माझंही तसंच. माझ्या आत लोखंडावर लोखंड फिरतं. त्या दोघांच्या मध्ये ऑईल असावं लागतं, आणि तेही नुसतं असून भागत नाही; ते जोरानं, दाबानं प्रत्येक सांध्यात जावं लागतं. हा दाब दाखवायला माझ्यासमोर एक काटा आहे. काटा वर, तर मी ठीक. काटा खाली आला, की माझं लोखंड लोखंडाला खायला लागलं. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे?

पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझा डिझेलचा छोटा पंप बिघडला. या पंपात एक रबरी पडदा असतो. तो वर-खाली हलतो आणि टाकीतलं डिझेल माझ्याकडं ढकलतो. पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला माझं ऑईलचं चेंबर. मधे फक्त तो पडदा. तो फाटला होता. नवा पडदा पुण्याहून यायचा होता.

लाँचचा कारभार गावच्या कमिटीकडं होता आणि कमिटीचे अध्यक्ष होते लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री आणि त्याहून कडक आवाज. माणूस वाईट नव्हता. पण थांबणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

“पुण्याहून पडदा येईस्तवर गाव काय पोहत जाणार हाय?” त्यांनी विचारलं. “फौजेत आम्ही असं बसून ऱ्हात न्हवतो. लाव कायतरी!”

मग एका गॅरेजवाल्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, पडद्याच्या मापानं गोल केला आणि बसवला.

जोतीराम म्हणाला, “आबा, ट्यूबचं रबर हाय. डिझेलात टिकंल का?”

“चालतंय की रं!” लालासाहेब म्हणाले.

आणि मी चाललो. पुण्याहून पडदा आला तो कुणाच्या तरी फळीवर पडून राहिला. इंजिन चालू आहे म्हटल्यावर त्याला कोण विचारतो?

डिझेलनं ट्यूबचं रबर हळूहळू खाल्लं. आधी ते फुगलं, मग मऊ पडलं, मग त्याला एक चीर गेली. त्या चिरेतून डिझेल थेंब थेंब माझ्या ऑईलमध्ये उतरू लागलं. मधासारखं माझं ऑईल पाण्यासारखं पातळ झालं. सकाळी थंड असताना काटा जागेवर असायचा. पण पाण्याच्या मध्यावर जाईपर्यंत मी तापायचो, ऑईल आणखी पातळ व्हायचं आणि काटा मान टाकायचा. वर डिझेल मिसळल्यामुळं चेंबरमधली पातळी चढत गेली. मावेना तेवढं ऑईल झालं, तेव्हा ते मागच्या सीलमधून, म्हणजे ऑईल अडवणाऱ्या कड्यातून, बाहेर येऊन लाँचच्या तळात सांडू लागलं.

म्हणजे बघा. माझ्या पोटात ऑईल कमी नव्हतं, जास्त होतं. जास्त होतं म्हणून ते गळत होतं. आणि लोकांना काय दिसलं? गळणारं ऑईल! बस्स. पुढचं कुणी बघितलंच नाही.

“ऑईल गळतंय म्हणून प्रेशर न्हाई,” धक्क्यावर बसलेला प्रत्येक जण म्हणाला. “अजून ओत!”

जोतीरामनं ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी गळलं. त्यानं आणखी ओतलं. ऑईल मोजायची पट्टी त्याच्या हाताशी होती. कधीकधी तो ती बाहेरही काढायचा. पातळी खुणेच्या वर दिसायची, तर म्हणायचा, “आत्ताच ओतलंय, म्हणून असंल.” अरे, म्हणून नव्हे! मला ओरडावंसं वाटायचं. आवाज काढायचो तेवढा काढला, धूर सोडायचा तेवढा सोडला. लोक नाकाला पदर लावायचे आणि तोंड फिरवायचे.

मग फिटर आणायला सुरुवात झाली.

पहिला आला आणि माझ्याकडं न बघता काट्याकडं बघून म्हणाला, “काटाच खराब.” नवा काटा बसवला. नव्या काट्यानंही जुन्याचंच सांगितलं. दुसऱ्यानं सगळं ऑईल काढून जाड ऑईल भरलं. आठवडाभर काटा ताठ उभा राहिला. गावानं त्याला कोंबडं कापून जेवू घातलं. मग डिझेल उतरून तेही पातळ झालं, पण तोवर कोंबडं पचलेलं होतं. तिसऱ्यानं चेंबरचे बोल्ट असे आवळले, की पत्र्याची कड वाकली आणि जिथं गळत नव्हतं तिथंही गळायला लागलं. जाताना तो मला थोपटून म्हणाला, “आता बघा, थेंब न्हाई सांडणार.” लाँचमध्ये सांडलं नाही तेवढं त्याच्या चपलेवर सांडलं.

शेवटी सांगलीहून आप्पासो आला. माधवनगरच्या गिरणीत फिटर होता. जाड चष्मा, खांद्याला पान्यांची पिशवी. त्यानं माझं मागचं सील बदललं. काम सुबक केलं, अगदी मन लावून. पण तोही गळणाऱ्या जागेशीच थांबला. ते ऑईल तिथपर्यंत का आलं, हे त्यानंही विचारलं नाही. त्याच्याबद्दल मला आशा होती, म्हणून त्याचा राग मला सगळ्यांत जास्त आला.

आणि मग चैत्रातली ती दुपार आली.

करंजवाडीचा नाथाजी रानात शिकेकाई गोळा करायला गेला होता. करवंदीच्या जाळीतून गवा अचानक बाहेर आला आणि त्यानं नाथाजीच्या मांडीत शिंग घातलं. चार जणांनी त्याला घोंगडीच्या झोळीत घालून धक्क्यावर आणलं. मांडी लुगड्यानं आवळून बांधली होती आणि ते लुगडं लाल झालं होतं. त्याची बायको भामाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन लाँचमध्ये बसली. झोळीवाले चौघं आणि लालासाहेबही चढले. पलीकडच्या काठावर एस.टी. उभी असते, ती गाठली तर सातारचा दवाखाना गाठता येणार होता.

मी जीव तोडून निघालो. पण वारा पश्चिमेचा होता आणि लाटा आडव्या येत होत्या. पाण्याच्या मध्यावर आलो आणि काटा पडला. अगदी तळाला टेकला. माझ्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली. लोखंड लोखंडाला लागलं होतं.

जोतीरामनं ते ऐकलं. त्याचा हात मला बंद करायच्या दांड्याकडं गेला.

“थांबवू नगंस!” लालासाहेब गरजले. “माणूस मरायला लागलाय आन तू इंजिन थांबवतूस?”

“आबा, न्हाई थांबवलं तर हे धरंल, आतलं लोखंड चिकटून बसंल. एकदा धरलं की मग कायमचं. आपण हितंच राहू.”

“मी सांगतोय, चालू ठेव!”

जोतीरामनं भामाबाईकडं बघितलं. ती म्हणाली, “तुमास्नी काय दिसतंय ते करा, जोतीरामभाऊ. पर आमास्नी पलीकडं न्या.”

त्यानं दांडा ओढला. मी बंद पडलो. एकाएकी एवढी शांतता झाली, की नाथाजीचं कण्हणं सगळ्यांना ऐकू आलं. लाँच वाऱ्यानं आडवी झाली. लालासाहेब तोंडाला येईल ते बोलत होते.  जोतीरामनं वल्ही काढली, एक स्वतः घेतलं आणि दुसरं लालासाहेबांच्या हातात दिलं. “मारा आबा. तोंड वाऱ्याकडं ठेवायचं.” आणि सुभेदारसाहेब, शिव्या देत देत, वल्हं मारू लागले. बाकीच्यांनी फळ्यांनी पाणी मागं लोटलं.

मी हळूहळू निवलो. निवलो तसं ऑईल जरा घट्ट झालं. जोतीरामनं मला पुन्हा सुरू केलं आणि अगदी सावकाश, आजारी म्हाताऱ्याला हात धरून चालवावं तसं चालवलं. काटा डगमगला की बंद. निवलो की सुरू. वल्ही चालूच. असं करत करत आम्ही काठाला लागलो. एस.टी. निघून गेली होती. पण कोळशाची पोती भरत असलेला एक ट्रक होता. ट्रकवाल्यानं पोती तिथंच टाकली आणि नाथाजीला घेतलं.

नाथाजी वाचला. मित्रांनो, आधीच सांगतो, नाहीतर तुमचं पुढं लक्ष लागायचं नाही. तो लंगडत चालू लागला, पण वाचला.

त्या दिवशी काठावर मात्र लालासाहेब थरथरत होते. घाबरलेला माणूस रागावतो, तसे ते रागावले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “कळलं मला प्रेशर कुठं जातंय ते! चांगलं ऑईल इकतूस आन जळकं ऑईल ह्यात घालतूस. कमिटी डबं आणून दमली, ते सगळं काय मासं पितात?”

जोतीरामचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं माझं हँडल उचललं, लालासाहेबांच्या पायाशी ठेवलं आणि डोंगराकडंच्या वाटेनं निघून गेला.

माझं अंग तेव्हा अजून गरम होतं. मला तोंड असतं तर! डबेच्या डबे माझ्याच पोटात गेले होते, आणि तळात सांडलेलं ऑईल जोतीराम रोज टमरेलानं काढून घरी नेत होता, तेही सांडून पाणी खराब होऊ नये म्हणून. त्याच्यासारख्याला चोर म्हटलं गेलं आणि मी तिथं नुसता थंड होत बसलो.

वल्ही मारत लाँच कशीबशी करंजवाडीच्या धक्क्याला परत आणली आणि ती बंद झाली. करंजवाडीची माणसं डोंगर वळसा घालून, रान तुडवत जाऊ लागली. इंजिन भंगारात द्यावं, अशी बोलणी सुरू झाली. त्याआधी एकदा बघून सांग, म्हणून आप्पासोला पुन्हा बोलावणं गेलं. तो आला, पण त्याला हँडल मारून द्यायलाही कुणी नव्हतं. तो जोतीरामला शोधत त्याच्या घरी गेला. धक्क्याच्या वरच्या अंगालाच ते घर होतं. ओसरीतलं बोलणं मला ऐकू यायचं.

“मी न्हाई येणार,” जोतीराम म्हणाला. “दुसरा माणूस बघा.”

“नका येऊ,” आप्पासो म्हणाला. “पर भाकरी तर द्याल का न्हाई? सकाळधरनं निघालोय.”

जोतीरामची बायको हरणाबाई चुलीपाशी नाचणीच्या भाकरी थापत होती. सासू-नवऱ्यापुढं न बोलणारी बाई. पण त्या दिवशी नवऱ्यावरच्या आळानं ती आतून पेटलेली होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “ह्यांनी ऑईल इकलं म्हणत्यात. आवं, सांडलेलं काळं ऑईल तेवढं घरला आणत्यात, मी त्यानं वली लाकडं पेटवते. त्ये बी आता मेलं आदीसारखं न्हाई.”

“आदीसारखं न्हाई म्हंजी?”

“आदी चिंधी बुडवून लावली तर धुमसत बसायचं, लय फुकावं लागायचं. आता काडी लावायचा अवकाश, भडका! परवा माजा पदर जळता जळता वाचला.”

आप्पासोचा घास हातातच राहिला. “वहिनी, ते ऑईल हाय का अजून?”

तिनं टमरेल पुढं केलं. आप्पासोनं बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग चष्मा काढून कपाळावर हात मारला.

“डिझेल! आरं देवा, डिझेल हाय ह्यात. आन मी सील बदलत बसलो! जोतीराम, उठा. मला शिव्या द्यायच्या त्या वाटंनं द्या.”

दोघं धावत धक्क्यावर आले. मागोमाग हरणाबाई, तिच्या मागं शेजारीपाजारी. आप्पासोनं आधी पट्टी काढली. न पुसता तिचा वास घेतला. मग माझ्या चेंबरच्या तळाचं बूच काढलं. बादली भरली. दुसरी लावली, ती भरली. लोक बघतच राहिले. धार थांबेना.

“गळून गळून संपलं म्हणत हुता न्हवं?” आप्पासो गर्दीला म्हणाला. “बघा! मावायचं त्याच्याहून किती जास्त हाय. हितं कोण चोरणार? ह्यात तर उलट कोणतरी आणून घालतंय!”

मित्रांनो, किती महिन्यांनी कुणीतरी ‘जास्त हाय’ असं म्हणालं. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. राग मात्र गेला नव्हता.

मग त्यानं डिझेलचा पंप उघडला. ट्यूबचा तो काळा तुकडा चिमटीत धरून आकाशासमोर केला. चिरेतून उजेड आला. गर्दीतून लालासाहेब पुढं आले होते. तो तुकडा त्यांनी लगेच ओळखला.  त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं.

पुण्याचा पडदा शोधून फळीवरनं काढला, धूळ झटकली, बसवला. वाकलेली कड ठोकून सरळ केली. नवं ऑईल घातलं, बरोबर खुणेपर्यंत. त्याच्यावर एक थेंब नाही. आता हँडल हवं होतं. ते लालासाहेबांच्या घरी होतं. ते स्वतः जाऊन घेऊन आले आणि जोतीरामसमोर धरलं.

जोतीरामनं हात पुढं केला नाही.

“आबा, त्या दिशी काठावर माणसं हुती,” तो म्हणाला. “आज बी हाईत.”

 मला वाटलं, आता सुभेदार भडकणार. त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी गर्दीकडं तोंड केलं आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, “मी जोतीरामला चोर म्हणालो. ते खोटं हुतं. ती ट्यूब लावा म्हणून मी सांगितलं हुतं आन त्यो नको म्हणत हुता. त्या दिशी इंजिन त्यानं थांबवलं नसतं, तर नाथाजी आज नसता.” आवाज जरा खाली आला. “आन मी बी नसतो.”

जोतीरामनं हँडल घेतलं. पहिल्याच फेऱ्याला मी जागा झालो. काटा वर गेला आणि वरच राहिला. लोकांना वाटलं काम झालं, ते घरी निघाले. पण जोतीराम आणि आप्पासो मला घेऊन पाण्यावर गेले, पलीकडं जाऊन आले, मी पुरता तापेपर्यंत हिंडवलं आणि काट्यावरची नजर हलवली नाही. तापल्यावरही काटा उभा होता. तेव्हाच आप्पासोनं पिशवी आवरली.

त्यानंतर काही वर्षं मी बिनतक्रार खेपा केल्या. रोज सकाळी जोतीराम पट्टी काढून नाकाशी न्यायचा. बाया हसायच्या, “ड्रायव्हर इंजिनाचा मुका घेतुया!” तो हसायचा, पण वास घेतल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. पुढं मोठी, नवी लाँच आली. मला उतरवून काठावरच्या शेडमध्ये ठेवलं. माझ्यावर आता जाळी सुकत घालतात. कोंबड्या माझ्या चेंबरखाली अंडी घालतात. त्या दिवशी बंद न करता मला चालवलं असतं, तर मी कायमचा धरलो असतो; थांबवलं म्हणून सांध्यांवर नुसते चरे पडले. तरी आहेत ते पावसाळ्यात दुखतातच.

म्हणून मित्रांनो, एका थकलेल्या इंजिनाची विनंती ऐका. तुमच्याकडं सायकल असेल, पंप असेल, घरात एखादं आजारी माणूसही असेल. काही सांडताना दिसलं, की लगेच वरनं ओतू नका. आधी जवळ बसा. बोट लावा. वास घ्या. ते कुठून येतंय, ते विचारा. आणि कुणाला चोर म्हणायचं असेल, तर त्याआधी झाकण उघडून बघा.